आधी नुसतं चाललो, मग नुसतं मोजलं, मग दोन्ही : पोट उतरवण्याच्या नोंदी

थोडक्यात पार्श्वभूमी. वय ४४, उंची १७० सेंमी, नोकरी खुर्चीवरची, घर पुण्यात सिंहगड रस्त्याला. घरात चार माणसं आणि स्वयंपाक एकच. मे महिन्यातल्या तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ५.९ आली. ५.७ पासून ६.४ पर्यंत मधुमेहाचा उंबरठा समजतात. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, ‘पोट उतरवा, सहा महिन्यांनी परत तपासू’ एवढंच सांगितलं.

कसं उतरवायचं हे मात्र सगळ्यांनाच माहीत असतं. ऑफिसातले निम्मे डॉ. दीक्षितांचे : दोन वेळा जेवण, प्रत्येक ५५ मिनिटांत आटपायचं, शिवाय ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. उरलेल्यांतले काही दर दोन तासांनी डबा उघडणारे, आणि सकाळी पर्वतीवर भेटणारे काका म्हणतात, ‘खा रे बिनधास्त, फक्त चाल.’ म्हणून ठरवलं की एकेक गोष्ट वेगळी करून बघायची आणि वहीत मांडायची. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर यातलं काही डॉक्टरांना न विचारता करू नका.

८ जून २०२५, रविवार

खरेदी : स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ४५० रुपये, वजनकाटा ११००, शिंप्याची टेप ३०.

वजनकाटा चरबीची टक्केवारीही दाखवतो. उठल्या उठल्या २९.४ दाखवली. आंघोळ करून, दोन भांडी पाणी पिऊन उभा राहिलो तर २७.१. तळपायातून बारीक वीज सोडून तो अंदाज बांधतो, त्यामुळे अंगातलं पाणी आणि पायाचा ओलावा बदलला की आकडा बदलतो. अर्ध्या तासात दोन टक्के चरबी झडत नाही. हा रकाना वहीतून काढून टाकला.

विश्वास टेपवर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पँटच्या पट्ट्याच्या जागी मोजू नका. माझा पट्टा पोटाखालून जातो, तिथे ९४ भरलं. खरा घेर १०१. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंमी ही मर्यादा धरतात.

कमरेलाच एवढं महत्त्व का, तर पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं एक उदाहरण आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. अंगकाठी बारीक आणि आत चरबी, ही आपली भारतीय तऱ्हा. नुसतं वजन बघून आपण स्वतःला फसवू शकतो.

आजचं वजन ८४.६, कंबर १०१.

९ जून ते ६ जुलै : फक्त व्यायाम

नियम एकच, खाण्यात काही बदलायचं नाही. सकाळी पाच किलोमीटर चालणं, दर रविवारी सिंहगड.

२२ जून, रविवार

दोन आठवड्यांत वजन जागच्या जागी. आज गडावर जाताना हिशोबाची वही बरोबर घेतली.

आतकरवाडीतून वर जाताना साधारण ६०० मीटर उंची चढतो. ८४ किलोचं ओझं ६०० मीटर उचलायला लागणारी ऊर्जा सुमारे १२० कॅलरी. शरीर काही एवढं काटकसरी यंत्र नाही, चारातला एक भाग कामी येतो आणि बाकी उष्णता होते. म्हणजे चढायला ४७० च्या आसपास. उतरण्याचे शंभर-सव्वाशे धरले तर गडाची अख्खी कमाई ६०० कॅलरी. तीही घामाघूम होऊन, गुडघे कुरकुरत असताना.

आता वरचा खर्च. पिठलं-भाकरी : एक भाकरी म्हणजे ७५-८० ग्रॅम पीठ, अडीचशेच्या वर. पिठल्यात बेसन कमी, तेल जास्त. वाटीभर धरलं तरी तीनशे. अर्धी प्लेट कांदाभजी तीनशे. मडक्यातलं दही साखर घालून, सव्वाशे. बेरीज हजाराच्या घरात जाते. आणि मी दर रविवारी दुसरी भाकरी घेत होतो, कारण ‘आज गड चढलोय.’

रोजच्या चालण्याचंही तेच. पाच किलोमीटर सपाट चाललं की माझ्या वजनाच्या माणसाचे नुसत्या बसण्याच्या वर दोनशे-सव्वादोनशे कॅलरी जातात. परतीच्या वाटेवर अमृततुल्यात चहा आणि क्रीमरोल. तो क्रीमरोल पूर्वी खात नव्हतो. फिरायला जायला लागल्यापासून सुरू झाला.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

पहिल्या टप्प्याचा निकाल : वजन ८४.२, कंबर १००.५. झोप गाढ लागते, जिने चढताना धाप लागत नाही. पोट जिथल्या तिथे.

एकादशी आणि दुप्पट खाशी, म्हणून आज पहिल्यांदा काटा ओट्यावर काढला. माझ्या वाट्याच्या खिचडीत १०० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, १५ ग्रॅम तूप आणि थोडा बटाटा. सातशेला थोडं कमी. प्रथिनं जेमतेम नऊ ग्रॅम. आणि हा उपास.

आई म्हणाली, ‘अरे, ताटाशेजारी तराजू? वाण्याकडे जेवायला बसलोय का आपण?’ बायकोचं म्हणणं वेगळं : मोजायचं तर मोज, पण फोडणीच्या वेळी मधे मधे येऊ नकोस.

७ जुलै ते १० ऑगस्ट : फक्त आहार

व्यायाम बंद. माझ्या वय-उंची-वजनाच्या सूत्राने दिवसाचा खर्च २३०० च्या आसपास निघतो. खाणं १८०० वर आणायचं, म्हणजे रोज ५०० ची तूट. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेव्हा आठवड्याला अर्धा किलोहून किंचित कमी उतरायला हवं.

१० जुलै

पहिला आठवडा नुसता मोजायला शिकण्यात चाललाय. ॲपमध्ये ‘एक वाटी भाजी’ टाकून उपयोग नाही, कारण वाटी कुणाची आणि तेल किती? एका भांड्यात शिजलेल्या स्वयंपाकातून आपला वाटा काढायची आमच्याकडे बसलेली पद्धत अशी :

घरातल्या प्रत्येक कढई-पातेल्याचं रिकामं वजन एकदाच करून ओट्यावरच्या फळीला कागद चिकटवला. भाजी टाकताना कच्चा माल आणि तेल मोजायचं. शिजल्यावर कढईसकट वजन करून कढई वजा करायची. मग आपल्या वाटीतले ग्रॅम.

कालची बटाट्याची भाजी : बटाटे ६०० ग्रॅम, कांदा १००, तेल ४५. एकूण सुमारे ९०० कॅलरी. शिजून ६८० ग्रॅम झाली. माझी वाटी १५० ग्रॅम, म्हणजे दोनशे कॅलरी, त्यातल्या नव्वद नुसत्या तेलाच्या. आज तेल २० ग्रॅम घातलं. तेवढीच वाटी दीडशेवर आली आणि लेकीला फरक कळलाही नाही. (आईला कळला. ‘भाजी कोरडी का लागतेय?’ त्यावर उपाय : झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची, फोडणी शेवटी वरून.)

पोळ्यांचं सोपं आहे. सुकी कणीक मोजायची आणि पोळ्या मोजायच्या. ५०० ग्रॅममध्ये आमच्याकडे १६ होतात. घडीच्या पोळीतलं तेल धरून एक पोळी १२५-१३० ला पडते. आणि यातून एक धक्का बसला : आमची ज्वारीची एक भाकरी ७५ ग्रॅम पिठाची, म्हणजे सरळ दोन पोळ्यांएवढी. भाकरीने वजन उतरतं या भरवशावर मी रात्री दोन भाकऱ्या खात होतो. भाकरीने पोट लवकर भरतं हे खरं, त्यामुळे ती ठेवली, पण एकच.

१४ जुलै

पहिल्याच आठवड्यात १.६ किलो कमी! ऑफिसात पेढे मागताहेत. खाली ठेवा तो आनंद. भात-पोळी कमी झाली की स्नायू आणि यकृतात साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, कमी होतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. ते पाणी गेलं. कंबर फक्त अर्धा सेंमी हललीय. पुढच्या आठवड्यात काटा मंदावला म्हणून बरेच जण इथेच सोडून देतात.

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळतात. घामाबरोबर चरबी जात नाही. ती जाते मुख्यतः श्वासावाटे. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिशोब आला होता : दहा किलो चरबी जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाते, उरलेलं पाणी होतं. त्यांना सांगून पाहिलं. प्लास्टिक चालू आहे.

२५ जुलै

तेलाचा कॅन संपला. पाच लिटरचा, महिनाभरात. पाच लिटर म्हणजे साडेचार किलो तेल. चौघांत वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम, सुमारे ३४० कॅलरी. माझं पाच किलोमीटर चालणं आणि वर आणखी अर्धं, एवढं रोज फोडणीत जात होतं. ज्यांना रोज काटा काढणं शक्य नाही त्यांनी निदान कॅनवर उघडल्याची तारीख लिहावी. घरातली ही एकच चिठ्ठी आमच्याकडे सगळ्यांना मान्य झाली.

१० ऑगस्ट, रविवार

दुसऱ्या टप्प्याचा निकाल : वजन ८०.९, कंबर ९७.५. चार आठवडे जे चालून झालं नाही ते पाच आठवडे मोजून झालं. इथे थांबलो असतो तर ‘आहारच सगळं काही’ असं लिहून मोकळा झालो असतो.

पण तीन गोष्टी खटकल्या.

एक : काल गॅसचा भरलेला सिलिंडर जिन्यापासून ओट्याखाली सरकवायचा होता. १४.२ किलो गॅस आणि टाकीचं वजन धरून तीस किलोच्या आसपास. मेमध्ये एकट्याने उचलला होता. काल दोनदा खाली ठेवावा लागला.

दोन : मांडीचा घेर अडीच सेंमीने कमी झाला. मांडीवर माझ्या चरबी कधी फारशी नव्हतीच. म्हणजे गेलं ते दुसरंच काहीतरी.

तीन : फोनवरची पावलं मेमधल्या साडेसात हजारांवरून साडेचार हजारांवर आलीत. मी ठरवून कमी केलेली नाहीत. लिफ्ट, स्कूटर, ‘बाळा, जरा पाणी आण गं.’ खाणं कमी झालं की शरीर गुपचूप हालचाल कमी करून आपला खर्च वाचवतं.

वहीतली प्रथिनं जोडून पाहिली : दिवसाला सरासरी ४५ ग्रॅम. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) साधा निकष वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तोही चुकत होता. आणि वजन उतरवताना त्याहून जास्त लागतं. तुटीत असलेल्या शरीराला ना पुरेशी प्रथिनं, ना स्नायू वापरण्याचं काही कारण. मग ते स्नायू मोडून खाणारच.

११ ऑगस्ट पासून : दोन्ही, पण व्यायाम वेगळा

आहार १८०० वरच, पण प्रथिनं शंभरच्या जवळ. बसवायला दोन आठवडे गेले. शेवटी टिकलेला ठोकताळा : तीन अंडी, ४० ग्रॅम सोया वडी, ६० ग्रॅम डाळ (कच्ची), मोडाची मटकी, दही-ताक मिळून ३०० ग्रॅम, ६० ग्रॅम पनीर. पोळीतही थोडी असतातच. सोया वडी नुसती भिजवून भाजीत टाकली तर चावताना रबर. उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग गार पाण्यात घट्ट पिळून, परत पिळून, आणि मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात. पिळण्यात आळस केला की तो कच्चा वास राहतोच.

व्यायाम : सोमवार-बुधवार-शुक्रवार दंड-बैठका आणि ओढायचा एक प्रकार. चालणं ठेवलं, पण कॅलरी जाळायला नाही. ते पावलं परत साडेसात हजारांवर नेण्यापुरतं. क्रीमरोल बंद, चहा चालू.

२९ ऑगस्ट

गुडघा धरला. तालमीतल्यासारख्या टाचा उचलून भराभर बैठका मारत होतो, दहाव्या दिवशी उजव्या गुडघ्यात कळ आली. चार दिवस फुकट. आता मागे खुर्ची, टाचा जमिनीवर, बूड खुर्चीला टेकवायचं आणि उठायचं, तीन मोजत खाली. पाठीवर लेकीचं जुनं दप्तर, त्यात पुस्तकं. संख्या कमी झाली पण मांड्यांना काम जास्त पडतं. दंडही जमिनीवर नीट येत नव्हते; ओट्याला हात टेकवून सुरू केले, मग खुर्चीच्या बैठकीवर, आता जमीन. ओढायच्या व्यायामाला तेलाचे रिकामे कॅन पाण्याने भरून, एकेक पाच किलो.

८ सप्टेंबर

गणपती आटपले. उकडीचा मोदक आमच्याकडे मोजला : पीठ, ओलं खोबरं, गूळ मिळून दोनशेच्या घरात, वर तुपाची धार वेगळी. मोजून दोन खाल्ले असते तर बरं झालं असतं. पण शेजारच्यांचा, मामाकडचा, ऑफिसातला, आणि गौरीजेवणाची पुरणपोळी. वजन ८०.१ वरून ८१. कंबर वाढली नाही. पाच दिवसांत बहुतेक उतरलं, म्हणजे पाणी आणि मीठच जास्त. सणात मोजणं बंद ठेवलं आणि व्यायाम चालू ठेवला. उलटं केलं असतं तर पाहुण्यांसमोर काटा काढावा लागला असता.

पाण्याचे कॅन हलके पडायला लागले. शेजाऱ्यांकडून जुने डंबेल घेतले, वजनं बदलता येणारे, २४०० रुपये.

१२ ऑक्टोबर, रविवार

२२ सप्टेंबरला ७९.४ होतो, आज ७९.२. तीन आठवडे काटा हलला नाही. आधी वैताग आला, मग टेप घेतली : कंबर ९४. दहा ऑगस्टपासून साडेतीन सेंमी कमी, मांडी उलट एक सेंमी परत. एवढ्यावर समाधान मानलं असतं, पण तीन आठवडे म्हणजे फारच, म्हणून दोन दिवस सगळं नव्याने मोजलं.

गळती दोन ठिकाणी सापडली. ऑफिसातला चहा : साखरेचा, सहा वेळा, प्रत्येकी सत्तर-ऐंशी. ‘चहा काय मोजायचा’ म्हणून तो वहीत नव्हताच. दुसरी, संध्याकाळी दार उघडताच डब्यातले मूठभर दाणे. मूठ काट्यावर ठेवली, ३५ ग्रॅम, दोनशेच्या जवळ. शिवाय पाच किलो कमी झालेल्या शरीराचा खर्चही कमी झालाय. सूत्रात नवं वजन घातलं तर दिवसाचे सत्तरेक गेले. चहा तीनवर, त्यातले दोन बिनसाखरेचे. दाणे मोजून १५ ग्रॅम. १८०० तेच ठेवलं, त्याखाली गेलो की रात्री झोप उडते आणि घरात चिडचिड होते.

२६ ऑक्टोबर

दिवाळी. एक चकली शंभर, बेसनाचा लाडू दोनशे. फराळाचं ताट एकदाच सकाळचं जेवण म्हणून खाल्लं, जेवणावर वरून नाही. एवढंच पाळलं. वजन ७९ च्या आसपास घुटमळलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

वजन ७७.८, कंबर ९१.५. एचबीएवनसी ५.६. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. सिलिंडर परवा आला, एकट्याने उचलून ठेवला.

खर्च : काटे आणि टेप १५८०, डंबेल २४००, पाच पँटा आल्टर करायला ६००. अंडी-पनीर-सोयाचे महिन्याला हजारभर जास्त. तेल पाच लिटरवरून तीनवर आलं, तेवढे पैसे उलट वाचतात. सगळ्यात महाग पडले ते दुसऱ्या टप्प्यातले पाच आठवडे. त्यात गेलेली ताकद परत आणायला दोन महिने लागले. परत करायचं झालं तर पहिल्या दिवसापासून प्रथिनं आणि दंड-बैठका धरीन, नुसत्या आहाराचा टप्पा घेणार नाही.

कमरेचे दीड सेंमी राहिलेत. पुढच्या दोन आठवड्यांत हळूहळू खाणं २१०० वर नेऊन बघणार, वजन तिथे थांबतं का ते.

आता बायको सुरू करतेय. तिला माझी १८०० ची वही चालणार नाही. ५२ किलो, १५२ सेंमी, कंबर ८४; तिच्या दिवसाचा खर्चच पंधराशेच्या घरात येतो. त्यातून ५०० काढले तर खायला काही उरणार नाही. तिच्यासाठी तूट दोनशेचीच ठेवतोय, वजनाचा रकाना बाजूला, आणि महिन्यातून एकदा पाळीनंतरच्या आठवड्यात कंबर. डंबेल तिने कालच ताब्यात घेतलेत.